स्थळ पोर्तुगालचं, सध्या मुक्काम अंबरनाथ

११ जानेवारी, रवि.
पोळ्या अर्ध्यावर असताना मृणालने सांगितलं. "आई, मी लग्न करणार आहे." बरं. पस्तिसाव्या वर्षी का होईना. कोणाशी, तर तियागोशी. गॅस बंद केला.
तियागो म्हणजे अंबरनाथच्या एका बिल्डरने आपल्या फुटबॉल क्लबासाठी आणलेला पोर्तुगीज. स्टेशनबाहेरच्या होर्डिंगवर दोन बेडरूमच्या फ्लॅटशेजारी काखेत चेंडू घेऊन उभा असतो. मृ. त्या क्लबाची फिजिओथेरपिस्ट. स्वतःचा दवाखाना सांभाळून संध्याकाळी तिकडे जाते. त्याचा गुडघा तिच्याकडे उपचाराला होता. गुडघ्यावरून प्रकरण इथवर आलं.
"वय?" "सदतीस." "पुढे काय करणार?" "खेळतोय ना, आई." सदतिसाव्या वर्षी स्ट्रायकर! आमच्या टेलिफोन खात्यात या वयाला माणसाची पहिली बढती व्हायची. यांच्यात म्हणे या वयाला घरी पाठवतात.
उरलेल्या पोळ्या जाड झाल्या.

१३ जाने.
मृ.ने मोबाइलवर त्याची कारकीर्द दाखवली. लिस्बनजवळचं गाव, तिथला लहान क्लब, मग सायप्रस, रोमानिया, अंगोला, परत सायप्रस (दुसरा क्लब), हाँगकाँग, मस्कत, जकार्ता, गोवा आणि आता आमचं अंबरनाथ. एका ठिकाणी लागोपाठ दोन हंगाम राहिला, तेही पाय प्लास्टरमध्ये होता म्हणून. मध्ये काही महिने एका क्लबाने दुसऱ्याला उसना दिलेला. माणूस उसना देतात! आम्ही शेजारी कढई देतो, आणि तीसुद्धा आठवणीने परत मागवतो.
मृ. म्हणते, "गोल झाले की मोठा क्लब बोलावतो, नाही झाले की आहे तो काढून टाकतो. दोन्हीकडून बॅग भरायची."
मला एवढंच कळलं की हा माणूस टिकत नाही. इथला करार मेअखेर संपतो. तो उठला की मृ. त्याच्यामागे उठणार. हे गेल्यापासून बदलापूरच्या या घरात आम्ही दोघी. त्याची जात, धर्म, रंग, गुडघा, मला कशाचंच काही नाही. राहणार आहे का, तेवढं सांगा.

१८ जाने., रवि.
बघण्याचा कार्यक्रम केला. मृ. म्हणाली, "मी त्याला रोज बघते." म्हटलं, मी नाही बघत.
माझा भाऊ दिनकर आणि शोभावहिनी उल्हासनगरहून आले. तियागो वेळेवर आला, चपला बाहेर काढल्या, आईकडचा म्हणून सार्डिन माशांचा डबा आणला. पोह्यांवर लिंबू बरोबर पिळलं. नंतर बटाटा दाखवून "बटाटा" म्हणाला, पाव, चावी, साबण म्हणाला. त्यांच्या भाषेतही तेच म्हणे. वहिनी लगेच पाघळल्या. "किती आपल्यातला वाटतो हो!" चार शब्द जुळले म्हणून जावई करायचा?
दिनकर आपला सुरू. "ताई, तियागो कशाला, त्यागराव म्हण. कितवा क्लब त्यागला म्हणालीस?" पुढे, "लग्न विहारातच ना? मग बावीस प्रतिज्ञा याला पोर्तुगीजमधून कोण देणार, तू?" त्याला पोह्यांची दुसरी बशी देऊन गप्प केलं.
मी इंग्रजीत सरळ विचारलं. प्रत्येक ठिकाण का सोडलं? तो जरा विचार करून म्हणाला, "मी सोडलं असं दोनदाच. बाकी सगळीकडे त्यांनी मला सोडलं."
प्रामाणिक आहे. पण याने माझं समाधान कसं व्हावं?

२२ जाने.
स्थळाची चौकशी केल्याशिवाय मुलगी देत नाहीत. शोभावहिनींच्या भाचीच्या वेळी आम्ही माणूस भुसावळला पाठवला होता. मुलाचा शेजारी, वाणी, ऑफिसातला शिपाई, तिघांना विचारून आला, आणि बरं झालं विचारलं ते. याच्या बाबतीत कुठे पाठवू? अंगोलात, लुआंडाला?
माझ्या सिंधी मैत्रिणीकडे, लाजवंतीकडे गेले. एक्स्चेंजला आम्ही दोघी ट्रंक बोर्डवर शेजारी बसायचो. तिच्या भावाचं उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये कापडाचं दुकान. लाजो हसायलाच लागली. "सुनंदा, तू भी ना! हमारे लोग कहाँ नहीं हैं? तू फक्त शहरं बोल."
शहरं बोलले. ती बोटांवर मोजत गेली. मस्कतला भाचीचा नवरा, जकार्ताला चुलत दीर, हाँगकाँगला शिंपीकाम करणारे मामेभाऊ, लुआंडाला कोणी परसराम, लिस्बनला आत्येभाऊ. फक्त रोमानियात आणि सायप्रसला कोणी नाही, त्याची तिलाच लाज वाटली.
प्रश्न मी सांगितले. पितो का. आधीचं लग्न आहे का. हात उचलतो का. का गेला. मृ.ला सांगायचं नाही असं ठरलं.

२ फेब्रु.
मस्कतचा व्हॉइस मेसेज. तिथल्या दुकानातला मल्याळी ड्रायव्हर मॅच बघायला जायचा, त्याच्याकडून माहिती. माणूस सज्जन. समुद्रावर एकटा चालायचा. रोज त्याच हॉटेलात, त्याच टेबलावर जेवायचा, आणि गेला त्या दिवशी वेटरच्या गळ्यात पडून रडला. का गेला? क्लबच बंद पडला.
पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही. पुन्हा विचारायला लावलं. फक्त रविवारी एक बिअर.

९ फेब्रु.
जकार्ता. तिथे पेनल्टी बारवरून मारली. लोकांनी त्याच्या नावाचे शर्ट जाळले. चुलत दीर सांगतो, दुसऱ्या दिवशी हा भाजी बाजारात नेहमीसारखा आला, लोक शिव्या देत होते आणि हा टोमॅटो निवडत होता. भाजीवालीने शेवटी त्याची बाजू घेतली.
लुआंडा. परसराम म्हणतात तिथेही भाषा पोर्तुगीजच, म्हणून हा अख्ख्या गल्लीचा झाला होता. पावसात रस्ता तुंबला की गाड्या ढकलायचा. का गेला? पाय मोडला. प्लास्टर निघेपर्यंत ठेवलं, निघाल्यावर काढलं.
सगळीकडे चांगलाच. मला चांगला आहे का ते विचारायचंच नव्हतं.

१५ फेब्रु., रवि.
हाँगकाँग. लाजोच्या मामेभावाने त्याला सूट शिवला होता. राखाडी, दोन बटणांचा. पैसे आधीच दिलेले. रात्रीत कुठलासा क्लब ठरला, सकाळचं विमान, सूट न्यायला आलाच नाही. इतकी वर्षं दुकानात टांगलेला आहे. मामेभाऊ म्हणतो, "अब शादी में पहनेगा, भेज देता हूँ. मुबारक हो."
मुबारक? मी लाजोला फोन लावला. लग्न ठरलं असं कोणी सांगितलं?
"अरी, इतने मुल्कों में पूछा, तो लोग क्या समझेंगे? पूछताछ क्या क्रिकेट के लिए होती है?"
डोकं गरम झालं. म्हटलं, लिस्बनला आजच थांबव.
"लिस्बन? वो तो कल ही उसकी माँ के घर हो आया."

१६ फेब्रु.
व्हायचं ते झालं. लिस्बनचा आत्येभाऊ पद्धतशीर माणूस. मुलाच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत म्हणून बोटीने नदी ओलांडून मिठाईचा डबा घेऊन गेला. तियागोची आई, अल्दा. नवऱ्यामागे एकटी, जन्मभर माशांच्या कारखान्यात. याने दारातच तिला काजूकतली भरवली आणि हिंदुस्थानात मुलाचं लग्न ठरल्याबद्दल अभिनंदन केलं.
तिला काहीच माहीत नव्हतं. मुलगा दर उन्हाळ्यात सांगतो, या वर्षी शेवटचं, मग घरी येतो. ती त्याची खोली रंगवून बसली होती.
तियागो संध्याकाळी आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. खुर्चीत बसून म्हणाला, "आई, मी तिला मे महिन्यात समोर बसून सांगणार होतो. फोनवर नाही. तिला मी सगळं फोनवरच सांगत आलोय."
मी म्हटलं, आमच्याकडे चौकशी करतातच. तो म्हणाला, "मलाच विचारायचं होतंत. मी सांगितलं असतं."
मृ. उठली. माझा मोबाइल घेऊन आपल्या खोलीत गेली, सगळे व्हॉइस मेसेज एकामागून एक लावले. दार बंद होतं तरी लाजोच्या नातलगांचे आवाज पॅसेजमध्ये ऐकू येत होते.

१ मार्च, रवि.
मृ. बोलायला लागली. कामापुरतं.
आता पलीकडून चौकशी सुरू झाली आहे. अल्दाबाईंनी त्याच आत्येभावाला धरलं. तो लाजोला विचारतो, लाजो मला. मुलगी काय शिकली. पूर्वीचं काही. आई कशी आहे. (लाजो म्हणते, "मैंने बोल दिया, गुस्सेवाली है पर दिल की साफ. ठीक बोला ना?") आणि शेवटचा प्रश्न तीनदा आला. मुलगी एका जागी राहणारी आहे ना? कारण माझा मुलगा आता दमला आहे.
मला हसू आलं आणि रागही. हा प्रश्न तुमचा की माझा? उत्तर पाठवलं. जन्म अंबरनाथचा, शाळा-कॉलेज तिथलंच, दवाखाना तिथेच, घर बदलापूर. शिकायला बाहेर पाठवत होतो तेव्हाही गेली नाही. आमच्या मुलीने आजवर रिक्षा स्टँडसुद्धा बदललेला नाही.

२२ मार्च, रवि.
याला खेळताना एकदा तरी बघावं म्हणून मॅचला गेले. दिनकर बरोबर. मैदानात पोहोचलो तर गोलपोस्टच्या जागी हळदीचा मांडव. कोणा नगरसेवकाच्या पुतण्याची हळद, डीजेचे डबे, मैदान परस्पर दिलेलं. क्लबाचा मॅनेजर म्हणतो, "मॅडम, मैदान तीन वाजता खाली होणार होतं." चार वाजता तिथे कोंबड्या सोलत होते.
पलीकडच्या अर्ध्या मैदानात खेळले, लहान गोल ठेवून. मला खेळातलं कळत नाही. पण हा पळत नाही, हे कळलं. बाकीचे वीस-बावीस वर्षांचे सगळे धावतात, हा उभा असतो, आणि चेंडू येतो तिथे हा आधीच असतो. एक गोल केला. हळदीतल्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या आणि डीजेवाल्याने लगेच गाणं लावलं.
दिनकर म्हणाला, "ताई, त्यागरावांना जमतं की!" मग मांडवातल्या लोकांनी आम्हाला जेवायला बसवलं. पोर्तुगीज जावयाचे मामेसासरे म्हणून दिनकरला मानाचं पान. अजून जावई झालेला नाही, हे मी सांगत होते, कोणी ऐकेना.

५ एप्रिल, रवि.
बिल्डरने निरोप दिला, पुढच्या हंगामाला नको. फ्लॅट विकून झाले असणार. होर्डिंगवर आता कुठलीशी नटी आहे.
मी म्हटलं, झालं, आता बॅग भरणार.
तर हा मला घेऊन कुळगावच्या बाजारात. कुकर घ्यायचा आहे, कुठला घेऊ? आजवर सगळी घरं सामानासकट मिळालेली, कुकर कधी घेतलाच नाही. दुकानदार म्हणाला, पाच वर्षांची गॅरंटी. याने तीनदा विचारलं, पाच? खरंच पाच? एवढा आनंद मी कुकरवर पाहिलेला नाही. येताना सांगत होता, शाळेच्या मैदानावर मुलांना शिकवायचं बोलणं चालू आहे. मांजर्लीत नदीजवळ खोली बघितली. मी म्हटलं, तिथे पाणी चढतं. "माझ्या गावातही चढतं. वाससुद्धा तोच."
रात्री दोन भांडी जास्तच घासली. हलकं वाटलं. आज लिहून ठेवते, हा माणूस राहणार.

१४ एप्रिल
जयंती. तियागो निळा फेटा बांधून मिरवणुकीत. शोभावहिनींनी त्याला लेझीम दिलं, गुडघा सांभाळून खेळला. पोरं सेल्फीला रांग लावून. दिनकरला विचारलं, प्रतिज्ञांचं काय ठरलं? म्हणाला, "इंग्रजीत छापून आणल्यात. मीच वाचणार." लग्न बुद्धपौर्णिमेच्या आसपास करू म्हणत होतो. मृ. म्हणाली, "घाई कशाला?"
घाई कशाला! जानेवारीत कोणाला होती?

१९ एप्रिल, रवि.

कंबोडियातल्या एका क्लबाने तियागोला विचारलं होतं. त्याने नाही म्हणून कळवलं. सोबत सहज लिहिलं की गुडघा इतका बरा आहे तो अंबरनाथच्या फिजिओमुळे. तर त्यांनी तिलाच विचारलं. एक हंगाम. राहणं-खाणं त्यांचं. आणि बाईसाहेबांना जायचं आहे.
"कोणाबरोबर?" "एकटी. तो इथेच राहणार म्हणतो ना."
"दवाखाना?" "माझी मैत्रीण बघेल."
"लग्न?" "आधी किंवा नंतर. तो म्हणेल तसं."
मी म्हटलं, अगं, एवढी तपासणी मी कोणाची केली? ती शांतपणे म्हणाली, "त्याची. मी ऐकली की सगळी. जकार्ताची भाजीवाली. मस्कतचा समुद्र. हाँगकाँगचा तो सूट. आई, मी आजवर इगतपुरीच्या पुढे गेलेली नाही. तू जगभर विचारत होतीस हा राहील का, आणि मी ऐकत होते, तिथे काय काय आहे."
म्हणजे हे मी केलं? मी?

२० एप्रिल
लाजोला सांगितलं. म्हणाली, "लड़की सयानी है. उस ज़माने में हमको कोई पूछता तो?" म्हटलं, तुला कोणी मत विचारलं नव्हतं. फोन ठेवला. परत मीच लावला. कंबोडियात तुमचं कोणी आहे का? "पूछती हूँ." ही बाई सुधारणार नाही, मी पण नाही.

२६ एप्रिल, रवि.
तियागो जेवायला. मृ. दवाखान्यात. मासे आणले होते, स्वतः साफ केले, माझ्या ओट्यावर खवल्यांचा सडा.
"आई, तुम्ही सांगा तिला."
"तू सांग. होणारी बायको तुझी आहे."
"मी काय सांगू? मी 'जाऊ नको' म्हटलं तर ती माझीच यादी वाचून दाखवते. लुआंडा, मस्कत... सगळं पाठ आहे."
"मग तू पण जा तिच्याबरोबर. खेळ अजून एक वर्ष."
असं मी म्हणाले! जानेवारीत मला कोणी सांगितलं असतं तर. तो हातातला सुरा ठेवून म्हणाला, "नाही. मी आता नवीन घराच्या किल्ल्या घेणार नाही. ती परत येईल तेव्हा कोणीतरी एका जागी असलं पाहिजे. माझ्यासाठी माझी आई होती."
अल्दाबाईंनी निरोप पाठवून विचारलं आहे, मुलगी काय म्हणते? आत्येभाऊ उत्तराची वाट बघतोय. मी काय कळवू? रिक्षा स्टँडचं मीच लिहून पाठवलं होतं.

३० एप्रिल
भांडण. मी म्हटलं, आईला टाकून जातेस. ती म्हणाली, "टाकून नाही, सांगून." वर, "आणि तू एकटी कुठे? तो रोज तुझ्याच ओट्यावर असतो." दोन वाक्यांत मला गप्प केलं. माझ्यावरच गेली आहे.
क्लबाला उत्तर अजून कळवलेलं नाही म्हणते. मी नको म्हटलं तर जाणार नाही, असंही म्हणाली. हे तर जास्तच वाईट. सरळ जाते म्हणाली असती तर मला नीट चिडता आलं असतं.

५ मे, मंगळ
दुपारी बेल. पोलीस ठाण्यातून शिपाई, पासपोर्टच्या पडताळणीला. अर्ज केला आहे हे मला माहीत नव्हतं. खुर्ची दिली.
"मुलगी इथेच राहते?"
"हो."
"किती वर्षं?"
"इमारत झाली तेव्हापासून. त्याआधी अंबरनाथ."
"शेजारीपाजारी चांगलं मत आहे? काही तंटा वगैरे?"
म्हटलं, शेजाऱ्यांना विचारा. समोरच्या देशमुखबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, फार गुणी मुलगी. त्यांना काय, कोणाच्याही मुलीबद्दल हेच म्हणतात. पण शिपायाने लिहून घेतलं.
मग तो उठता उठता म्हणाला, "एकटीच जाणार का मॅडम बाहेर? तुमची काही हरकत नाही ना?"
"ते तुमच्या कागदावर विचारलंय?"
"नाही, कागदावर नाही. मी आपलं असंच विचारलं."
"मग लिहू नका काही."
तो हसला, पाणी पिऊन गेला. तियागो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, ओले हात पुसत. त्याला मराठी एवढं कळत नाही. तरी त्याने विचारलं, "काय सांगितलंत?"
मी म्हटलं, अजून काही नाही.